मदत हवी आहे: मियाटा आत्ता घ्यावी की पुढच्या पिढीची वाट बघावी? (उंची सहा फूट दोन इंच)

दुसरागियर

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा आज पहिल्यांदाच काढतोय. माझदा एमएक्स-५, म्हणजे आपली मियाटा, घ्यायची हे ठरून चार वर्षं झाली. पैसे जमले, घरच्यांची समजूत काढून झाली, आणि नेमकी आत्ताच जिकडेतिकडे पुढच्या पिढीची चर्चा सुरू झालीय. आता पाऊल पुढे पडेना.

माझी अडचण उंचीची आहे. मागच्या महिन्यात २०१६ ची एक एनडी, म्हणजे सध्याच्या चौथ्या पिढीची गाडी, बघून आलो. आत बसायचं तर आधी एक पाय, मग मान वाकवून अंग, मग उरलेला पाय. टप बंद केला की केस कापडाला घासतात. सीट पार मागे नेली तरी क्लचवरून पाय उचलला की गुडघा स्टेअरिंगच्या खालच्या कडेला लागतो. स्टेअरिंग वर-खाली होतं, पण जवळ येत नाही, त्यामुळे हात ताणून धरावे लागतात.

तरीही सांगतो, तिसऱ्यातून दुसऱ्यात गियर टाकला तेव्हा नुसतं मनगट हललं, कोपर जागचं हललं नाही. दांडी जेमतेम चार बोटं सरकली असेल आणि खट्‌कन बसली. घरी आलो तरी तो खटका हातात होता. दुसरी कुठलीही गाडी डोळ्यांसमोर येत नाही.

ज्यांनी गाडी दाखवली ते म्हणाले, ‘नवी मोठी येणार, तुमच्या उंचीच्या माणसानं थांबावं.’ दुसरीकडे विचारलं तर उत्तर मिळालं, ‘नवी बॅटरीवर येणार, खरी हवी तर हीच उचला.’ दोघांनाही विकायचंच होतं, म्हणून इथे विचारतोय. नव्या गाडीत खरंच जागा वाढेल का? हातानं गियर बदलायची सोय राहील का? आणि आत्ताची घ्यायची तर माझ्या उंचीला कुठल्या सालची बघू?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

जुनीएनबी

स्वागत, दुसरागियर. पहिलाच धागा छान मांडलाय.

माझ्याकडे १९९९ ची एनबी, म्हणजे दुसऱ्या पिढीची मियाटा आहे, अनेक वर्षं चालवतोय. त्यामुळे ‘नवी आली की बिघडणार’ हे मी तीनदा ऐकलंय. सगळं सांगत बसत नाही, पण थोडं सांगायला हवं.

पहिली, एनए, फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात आली. १.६ लिटरचं इंजिन, वजन हजार किलोच्या आत, बॉनेटमधून वर येणारे दिवे. एनबीत ते दिवे गेले तेव्हा लोक अक्षरशः हळहळले होते. पण त्याच गाडीत मागची प्लॅस्टिकची खिडकी जाऊन काच आली. जुन्या प्लॅस्टिकमधून मागची गाडी धुक्यातल्यासारखी दिसायची हे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्याचं मोल कळेल. २००५ ची एनसी अंगानं वाढली, वजन ११०० किलोच्या घरात गेलं, आणि मग सगळ्यांनी धरून चाललं की आता प्रत्येक पिढी अशीच फुगत जाणार.

पण झालं उलटं. २०१४ मध्ये एनडी दाखवली तेव्हा ती पहिल्या एनएपेक्षाही लांबीला कमी निघाली. बॉनेट, डिकीचं झाकण, पुढचे मडगार्ड ॲल्युमिनियमचे. जपानमधल्या सगळ्यात साध्या १.५ लिटरच्या गाडीचं वजन ९९० किलो. सुरक्षेचे नियम दर पिढीला कडक होत असताना वजन उतरवणं किती अवघड असतं, हे गाड्यांत हात घालणाऱ्याला विचारा.

म्हणून ‘नवी मोठी येणार’ हे मला पटत नाही. माझदाची माणसं ‘जिनबा इत्ताई’ म्हणतात, घोडा आणि स्वार एकजीव. घोडा वाढवला की ते जुळत नाही, हे त्यांना एनसीनंतर कळलंय असं मला वाटतं. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की केवळ जागेसाठी थांबणार असशील तर थांबू नकोस. तुझ्या पायांसाठी ते गाडी लांबवणार नाहीत.

वळणवेडी

जुनीएनबी यांच्याशी सहमत. बॅटरीच्या अफवेबद्दल लिहिते, कारण तिथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे.

२०२३ च्या जपान मोबिलिटी शोमध्ये माझदानं आयकॉनिक एसपी नावाची लाल गाडी दाखवली. दिसायला इतकी देखणी की पुष्कळांनी ‘हीच नवी मियाटा’ म्हणून टाकलं. तिचे आकडे मात्र बघा. ३७० अश्वशक्ती, १४५० किलो, चाकं विजेवर फिरतात आणि दोन रोटरचं इंजिन वीज तयार करतं. १४५० किलो म्हणजे सध्याच्या गाडीपेक्षा चारशेहून जास्त किलो! तो मियाटाचा आराखडा नाही. तिच्या रेषा आवडल्या तर आवडू द्या, पण तिच्यावरून खरेदी ठरवू नका.

खुद्द मियाटाबद्दल माझदाचे तंत्रज्ञान प्रमुख उमेशिता २०२५ मध्ये बोलले. स्कायॲक्टिव्ह-झेड नावाचं अडीच लिटरचं नवं पेट्रोल इंजिन, हातानं बदलायचे गियर कायम, लांबी ४ मीटरच्या आत आणि वजन १ टनाच्या आसपास ठेवायचं उद्दिष्ट.

अडीच लिटर वाचून अनेकांच्या भुवया उंचावल्या, ‘एवढं मोठं कशाला?’ म्हणून. माझी समजूत अशी. पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते. हे प्रमाण नेमकं असलं तरच धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतं. पण इंजिन जोरात पळवलं की ते तापतं, आणि पुष्कळ इंजिनं अशा वेळी थोडं जास्त पेट्रोल ओतून स्वतःला थंड ठेवतात. युरोपचा युरो ७ नियम नोव्हेंबर २०२६ पासून नव्या मॉडेलना लागू होतोय, आणि अशा नियमांपुढे ही पळवाट अवघड होत जाते. जास्तीचं पेट्रोल बंद झालं की तेवढ्याच आकाराच्या इंजिनाचा जोर उतरतो. तो भरून काढायला सिलिंडर मोठे करायचे, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) न लावता. म्हणजे मोठं इंजिन हे राक्षसी ताकदीसाठी नसून आहे ती ताकद टिकवण्यासाठी आहे. टर्बो नाही म्हटल्यावर पायाखाली प्रतिसाद तसाच झटपट राहील, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

सहावागियर

मी उलट बाजूनं बोलतो. धागाकर्त्यांनी चार वर्षं थांबून दाखवलंय, अजून थोडं थांबलं तर काय बिघडतं? एनडी २०१५ पासून विकली जातेय. एनए आठेक वर्षं चालली, एनबी सातेक, एनसी दहा. त्या हिशेबानं हिची वेळ भरलीच आहे. नवी गाडी हातानं बदलायच्या गियरसकट येणार असेल तर पेट्रोलवरची, टर्बो नसलेली, मागची चाकं फिरवणारी ती कदाचित शेवटचीच असेल. मी असतो तर तीच घेतली असती.

पान्हा_१२

सहावागियर, भावना समजली. पण दुसरागियरच्या बाबतीत एक गोष्ट सगळे विसरताय.

२०१६ च्या गाडीत त्याला जे खटकलं, जवळ न येणारं स्टेअरिंग, ते माझदानं याच पिढीत सुधारलं. कधी? २०१८ मध्ये. बाहेर २०१९ चं मॉडेल म्हणतात ती गाडी. त्याच वेळी दोन लिटरच्या इंजिनाचे पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड हलके केले, १६० ची १८४ अश्वशक्ती झाली आणि मिनिटाला ६८०० फेऱ्यांना थांबणारं इंजिन ७५०० पर्यंत फिरायला लागलं. म्हणजे ज्यांनी पिढी बदलल्या बदलल्या गाडी घेतली, त्यांच्या हातात अपुरी गाडी आली आणि तीन वर्षांनी पूर्ण झाली. पुढच्या पिढीतही पहिल्या वर्षीच सगळं जुळून येईल असं धरू नकोस. नवी येण्याची वाट, आणि वर ती सुधारण्याची वाट, एवढा काळ तू मोजायला हवास.

आता तुझ्या गुडघ्याचं बघू.

स्टेअरिंग जवळ येणं म्हणजे फक्त हातांना आराम नाही. ते जवळ आलं की पाठ एक-दोन खाचा मागे रेलवता येते, आणि पाठ रेलली की डोकं खाली येतं. उंच माणसाला टपाखाली जागा मिळते ती अशी. म्हणून २०१९ च्या आधीची बघूच नकोस, कितीही छान ठेवलेली असली तरी. आरएफच्या, म्हणजे कडक टपाच्या गाडीच्या मागेही लागू नकोस. तिच्यात डोक्यावरची जागा कापडी टपापेक्षा किंचित कमी आहे.

एवढं करूनही केस लागलेच तर सीटखालची रेल बदलून सीट खाली घेता येते. एनडीसाठी अशा रेल तयार मिळतात. जुन्या गाड्यांत लोक सीटमधला फोम कापायचे, ते इथे करू नकोस, या सीटची बैठक जाळीवर पेललेली असते. आणि हे नीट लक्षात ठेव: सीटमध्ये बाजूची एअरबॅग आहे. तिची वायर सीटखाली पिवळ्या कनेक्टरला जोडलेली असते. सीट उचलण्याआधी बॅटरीची तार काढायची, थोडा वेळ थांबायचं, मगच त्या कनेक्टरला हात लावायचा. जमत नसेल तर कारागिराकडून करून घे.

दुसरागियर

पान्हादादा, मी २०१६ आणि २०१९ एकच गाडी समजत होतो, फक्त इंजिनाचा जोर वाढलाय असं वाटलं होतं. वळणवेडी ताई, इंजिनाचं गणित आज पहिल्यांदा कळलं.

सहावागियर, तुमचं म्हणणं मनाला लागलंय, खोटं बोलत नाही. शेवटची पेट्रोलवाली आपल्याकडे असावी असं कोणाला वाटणार नाही? पण मी त्या खटक्यासाठी थांबलोय आणि तो आहे त्या गाडीत आहे. परवा २०२० ची एक बघायला जातोय. जाताना काय काय तपासू?

पान्हा_१२

टप उघड आणि सीटच्या मागच्या कोपऱ्यांत बघ. टपावरचं पाणी वाहून जायला तिथे भोकं असतात. पाला, धूळ साठून ती बुजली की पाणी आत साचतं. कपभर पाणी हळूच ओत, ते गाडीखाली सरळ पडलं पाहिजे. गालिच्याखाली हात घालून ओल लागते का बघ. टपाच्या कापडाला घड्यांवर चिरा आहेत का तेही पाहा.

इंजिन थंड असताना चालवायला माग. गरम करून ठेवलेली गाडी सगळ्यांनाच गोड लागते. थंड असताना पहिल्यातून दुसऱ्यात हळू टाकून बघ.

आणि बसशील तेव्हा घाई करू नकोस. सीट पार मागे, स्टेअरिंग वर आणि जवळ, मग पाठ. या क्रमानं. अर्धा तास बस. पाच मिनिटांत सगळ्या गाड्या बसतात.

जुनीएनबी

बूटही नेहमीचेच घालून जा. जाड तळव्याचे नकोत, गुडघा तेवढाच वर येतो.

दुसरागियर

बसून आलो.

दादांनी सांगितलेल्या क्रमानं सगळं केलं. क्लचवरून पाय उचलला तेव्हा गुडघा आणि स्टेअरिंगच्या मध्ये अंगठा आडवा जातो, एवढी जागा मिळाली. कोपर वाकलेलं राहतं. टप बंद करून सरळ बसलो तर केस अजूनही लागतात, पण पाठ दोन खाचा मागे घेतली की सुटतात. चाळीस मिनिटं चालवली, पाठ कुठेही भरली नाही. पाणी ओतलं तर दोन्हीकडून सरळ खाली पडलं, मालक बघतच राहिले. त्यांनीच मग सांगितलं की दर पावसाळ्याआधी ते स्वतः ती भोकं साफ करतात.

सकाळी इंजिन थंड होतं. दुसरा गियर पहिल्या दोन वेळा थोडा जड गेला, नंतर लोण्यासारखा. हे चालेल ना? बाकी सगळं ठरलंय, एवढ्या एका उत्तरासाठी थांबलोय.

पान्हा_१२

थंडीत गियरबॉक्समधलं तेल घट्ट असतं, गरम झाल्यावर सुटलं म्हणजे तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. कर्रर्र आवाज आला असता किंवा गियर आपोआप बाहेर पडला असता तर नको म्हणालो असतो. घेतल्यावर गियरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल पहिल्याच आठवड्यात बदलून टाक. रेलची घाई नको, आधी महिनाभर अशीच चालव.

वळणवेडी

टप उघडा टाकून काढलेला पहिला फोटो इथेच टाका.