मुंबईच्या बाजारात तुम्ही काय पाहिलंत? सातारा-सांगलीकरांनी सांगावं

साताऱ्यात खण आळी आणि मोती चौक, सांगलीत कापड पेठ आणि हरभट रोड. वर्षाची खरेदी आपण इथंच करतो. तरी घरात लग्न ठरलं की कुणीतरी म्हणतंच, "बस्ता मुंबईला बांधूया." आमच्याकडं 1991 साली ताईच्या लग्नात हेच झालं. मी तेव्हा सातवीत होते.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर बसून सकाळी व्हीटीला उतरलो. कापडाची दुकानं उघडायला वेळ होता म्हणून वडील आम्हाला चालत क्रॉफर्ड मार्केटात घेऊन गेले. वडील शिक्षक. इमारत 1869 सालची, दारावरचे दगडात कोरलेले शेतकरी लॉकवुड किपलिंग यांच्या हातचे, हे त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. मग म्हणाले, "आता नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. आणि फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या खटाव तालुक्यातलं." मी मान वर करून ते शेतकरी बघत राहिले, तोवर मागून "बाजू, बाजू!" असा आवाज आला आणि मोसंब्यांची पाटी माझ्या कानाला लागून गेली.

तिथून मंगलदास मार्केट. आई कापड चिमटीत धरून अंगठ्यानं चोळायची, मग उलटी बाजू बघायची. एका दुकानात तिनं झंपरचं, म्हणजे ब्लाउजचं, कापड मागितलं. गादीवरच्या शेठजींनी विचारलं, "सातारा का सांगली?" आईनं विचारलं, कसं ओळखलंत? ते म्हणाले, "झंपर म्हणणारी माणसं तिकडचीच. आमचा माल उचलणारीही तिकडचीच." खरंच, कापडाचा गठ्ठा डोक्यावर घेऊन दारातून आत आलेला माणूस जावळीतला निघाला. गठ्ठा खाली न ठेवताच त्यानं वडिलांना विचारलं, "गुरुजी, पाऊस लागला का तिकडं?"

साड्या कुठल्या घेतल्या ते आज आठवत नाही, पण तो प्रश्न आठवतो. म्हणून तुम्हालाही विचारते. काय स्वस्तात मिळालं हे सांगाच, पण तिथं कोण भेटलं, काय शिकायला मिळालं हेही सांगा.

कोरेगाव तालुका, शेतकरी

मी खरेदीला नाही, विकायला गेलोय. दसऱ्याच्या आधी आमच्याकडून झेंडूचे टेम्पो संध्याकाळी भरून दादरला जातात. एरवी आपण माल पाठवायचा आणि पट्टीची, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची, वाट बघायची. आडत, हमाली, तोलाई वजा होऊन कागदावर जो आकडा येईल तो आपला. एका वर्षी पट्टी फारच कमी आली, म्हणून पुढच्या वर्षी टेम्पोत मीच बसलो.

दादर स्टेशनच्या पश्चिमेला पुलाखाली फुलांचा बाजार भरतो. आम्ही पोचलो तेव्हा अजून काळोख होता. पण बल्बांच्या उजेडात झेंडू, शेवंती, तगर, हिरव्या पानांच्या जुड्या, सगळं रस्त्यावर उतरलेलं. आमच्या आडत्यानं क्रेट उघडला, हात कोपरापर्यंत आत घातला आणि तळातलं फूल वर काढलं. वरचं फूल त्यानं बघितलंच नाही. तळातलं फूल ओलं होतं. तोडणीच्या दिवशी दुपारी सर येऊन गेली होती आणि आम्ही फुलं पसरून सुकवली नव्हती. त्यानं दोन बोटांनी देठ दाबला, पाणी निघालं. भाव तिथंच उतरला. शेजारच्या कोरड्या मालाला रांग लागलेली, आणि आमच्याकडं उजाडेपर्यंत माणूस फिरकेना.

राग आला होता, पण माणूस खोटं बोलत नव्हता. तेव्हापासून पावसात भिजलेला तोडा रात्रभर शेडमध्ये ताडपत्रीवर पातळ पसरतो आणि एक दिवस उशिरा पाठवतो. पट्टी आता बरी येते. दादरला फुलं घेणाऱ्यांनी पण हेच करा, हात तळापर्यंत घाला.

कराड

दादर पूर्वेला साड्यांच्या दुकानांत भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधला. मानपानाच्या 22 साड्या. दुकानात दिव्यांच्या झगझगाटात अबोली म्हणून घेतलेल्या सहा साड्या घरी अंगणात उघडल्या तर विटकरी. दुकानदारानं पक्कं बिल न देता नुसत्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला होता. परत गेलो तर म्हणाले, ही आमची चिठ्ठीच नाही. लग्न आठ दिवसांवर, भांडायला वेळ नव्हता. नवऱ्या मुलाकडच्या बायकांनी नाक मुरडलं नाही ही त्यांची माणुसकी.

तेव्हा साडी दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत न्या, उन्हात धरा, मग पसंत करा. चांगला दुकानदार स्वतः उठून दारात येतो. आणि बिल मागायला लाजू नका.

तासगाव, सासर लालबाग

लग्न होऊन मी लालबागला आले तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात सासूबाई मिरची गल्लीत घेऊन गेल्या. मी दुकानदाराला म्हटलं, "चटणी कुटायची आहे." तो म्हणाला, "नारळाची?" आपल्याकडं कांदा-लसणाची वर्षाची चटणी म्हणतात, तिथं मसाला म्हणतात, एवढं मला माहीत नव्हतं.

पण मिरची मला कळते. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी, आणि मूठभर लवंगी. बेडगी हातात घेतली की सुरकुतलेली असावी, देठ घट्ट असावा आणि हलवली की आतलं बी खुळखुळावं. मी दोन पोती बाजूला सारली, तिसऱ्यातली घेतली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वर्षीपासून मिरची निवडायचं काम माझ्याकडं आलं. धणे, खोबरं, तीळ, दगडफूल तिथंच घ्यायचं, घरी भाजायचं आणि डंकावर कुटायला द्यायचं. कुटताना समोर उभं राहायचं, हे आईचं शिकवणं. डब्यात आपलीच चटणी परत यावी म्हणून.

त्याच दुकानात हळदीच्या पोत्याकडं बोट करून दुकानदार मोठ्या अभिमानानं म्हणाला, "ही सांगलीची राजापुरी." मी एक हळकुंड उचलून मोडलं. टक्कन मोडलं, आत गर्द केशरी. माझ्या वडिलांनी आयुष्यभर हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला नेली. ढीग लावून बाजूला उभं राहायचं आणि बोली कुठं थांबते ते ऐकायचं. ती पुढं कुठं जाते हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मी तो मोडलेला तुकडा पदराला बांधून आणला आणि पुढच्या खेपेला त्यांना दाखवला. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ते नव्हते.

पाटण, सध्या कोपरखैरणे

झंपरवाल्या ताईंनी गठ्ठा उचलणाऱ्याचं लिहिलं म्हणून लिहितो. माझे आजोबा मशीद बंदरला माथाडी, म्हणजे ओझी वाहणारे कामगार, होते. गावकीच्या खोलीत वीस-बावीस माणसं, पाळीपाळीनं झोपायची. जेवण खानावळीचं. दाणाबंदराच्या गोदामांत ट्रक आला की टोळी लागायची. दोघांनी आकड्यानं पोतं उचलायचं, तिसऱ्यानं खाली मान घालायची. शंभर किलोचं पोतं.

आजोबा डोळे मिटून सांगायचे की पोत्यात काय आहे. "साखर घामानं चिकटते. जिरं मानेत बोचतं. मिरची उघड्या पाठीवर पडली की रात्री झोप नाही." लालबागच्या ताई, तुम्ही निवडलेली मिरची कुणाच्या तरी पाठीवरून गल्लीत आलेली असते.

आमच्या घरात देवांच्या फोटोशेजारी अण्णासाहेब पाटलांचा फोटो आहे. ते आमच्याच तालुक्यातले, मंद्रुळकोळ्याचे. 1969 साली माथाडी कायदा झाला. आजोबा म्हणायचे, त्याच्या आधी मुकादम देईल ती मजुरी. पडलो तर पडलो, दुसरा उभा करायचे. कायद्यानंतर मजुरी माथाडी मंडळात जमा व्हायला लागली, फंड आला, दवाखाना आला. पुढं घाऊक बाजार वाशीला हलला, तसं आमचं घरही खाडीपलीकडं आलं.

मी दहावी झाल्यावर आजोबा मला मुद्दाम मशीद बंदरला घेऊन गेले. सुकामेव्याच्या एका दुकानातले म्हातारे शेठ त्यांना बघून गादीवरून उठले. आजोबांना वर बसवलं. आजोबा बसले, पण काठावर. मला बदाम दिले. बाहेर आल्यावर आजोबा म्हणाले, "चाळीस वर्षं या पायरीवरून आत गेलो. बसलो आज." त्या संध्याकाळी त्यांनी दुसरं काहीच सांगितलं नाही.

विटा

खानापूर-आटपाडीचा दुष्काळ ज्यांना माहीत आहे त्यांना आमची गलाईची माणसं माहीत असतील. गावात पाणी नाही, म्हणून पोरं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. माझे चुलते झवेरी बाजारात गेले.

लोक झवेरी बाजार म्हणजे काचेआडचे हार समजतात. आमचा झवेरी बाजार म्हणजे अंधाऱ्या जिन्यानं वर गेल्यावरची एक खोली. भट्टी, सोनं वितळवायची मूस, चिमटे, सवागीचा म्हणजे टाकणखाराचा डबा. सोनं 1064 अंशांना वितळतं आणि त्या खोलीत पंखा लावत नाहीत, कारण वाऱ्यानं कण उडतात. मोडीचा दागिना आणणारा सराफ समोरच बसतो. त्याच्यादेखत वजन, त्याच्यादेखत गाळायचं, लगड ओतायची, परत वजन. घट किती आली ते तो वहीत लिहितो. हिशेब एकदा चुकला तर ती बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत जाते आणि मग कुणी जिना चढत नाही.

सुट्टीत मी गेलो की झाडू मारायचं काम माझं. कचरा टाकायचा नाही, डब्यात भरून ठेवायचा. हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात. वर्षाकाठी झारेकरी येऊन ती धूळ-राख विकत न्यायचा आणि धुऊन तिच्यातून सोनं काढायचा. चुलते रात्री झोपायच्या आधी चटईसुद्धा डब्यावर झटकायचे. गावच्या घराचा स्लॅब टाकला तेव्हा ते आम्हा पोरांना म्हणाले, "यातलं एक पोतं सिमेंट त्या धुळीचं आहे रे."

मिरज

आमचं काम तंबोऱ्याचं. चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, जुन्या ग्रामोफोनांच्या आणि पितळी दिव्यांच्या मागे एक तंबोरा उभा दिसला. एक खुंटी नाही, भोपळ्यावर चीर. पण दांडीच्या सांध्यावरची कोरलेली पानं बघितली आणि कळलं, हा आमच्याकडचा आहे.

दुकानदारानं विचारलं, वाजेल का? मी म्हटलं, जवारी गेलीय. जवारी म्हणजे घोडी घासून तारेला आणलेला खुला, घुमणारा आवाज; त्याला ते माहीत नव्हतं. त्यानं तो शोभेची वस्तू म्हणूनच ठेवला होता. पुढच्या खेपेला खुंटी, नवी तार आणि कानस घेऊन गेलो. फुटपाथवरच बसून चीर भरली, घोडी घासली, तारेखाली सूत सरकवत सरकवत आवाज खुला केला. दीडेक तास लागला. आजूबाजूचे दुकानदार हातातलं काम टाकून उभे राहिले. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

दोन महिन्यांनी गेलो तर तंबोरा नव्हता. एक मुलगी घेऊन गेली म्हणाला. आधी खाली बसून वाजवून बघितला तिनं, मग भाव विचारला.