मदत हवी आहे: मसाई मारात आईबाबांसोबत तंबूत राहणे

नमस्कार मंडळी,

येत्या फेब्रुवारीत आईबाबांना (वय ६८ आणि ७२) घेऊन केनियात मसाई माराला जायचं ठरतंय. विमानाची तिकिटं काढण्याआधी, तिथे तंबूत राहून आलेल्यांकडून काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.

ज्यांना विचारलं ते सगळे म्हणाले की ज्येष्ठ नागरिक आहेत तर पक्क्या भिंतींचं लॉज घ्या. पण बाबांनी ताडोबा आणि पेंच कित्येकदा केलंय, आणि दर वेळी संध्याकाळी गेटबाहेर येऊन रिसॉर्टच्या कुंपणाआड झोपलेत. रात्रीचं जंगल त्यांना ऐकायचंय. मारातल्या बऱ्याच तंबूंच्या कॅम्पना कुंपण नसतं, नदीतले पाणघोडे रात्री चरायला वर येतात, अंधार पडल्यावर पहारेकऱ्याला सोबत घेतल्याशिवाय तंबूबाहेर पडू देत नाहीत. आम्ही जातोय ते यासाठीच, त्यामुळे लॉजचा सल्ला कृपया नको.

फेब्रुवारीत विल्डबीस्टचं (हरणांच्या कुळातल्या मोठ्या प्राण्यांचं) स्थलांतर दिसणार नाही, हे माहीत आहे. त्यासाठी जुलै ते ऑक्टोबरमध्ये जावं लागतं. पण मसाई मारा रिझर्व्हची (राखीव जंगलाची) फी जानेवारी ते जून माणशी दिवसाला १०० डॉलर आहे, जुलैपासून तीच २०० होते. तिघांचा हिशेब केला तर फरक मोठा पडतो. शिवाय फेब्रुवारी बहुतेक कोरडा असतो, आणि सिंह, चित्ते, हत्ती तिथे बाराही महिने असतात. नदी ओलांडणारे कळप बघायला गाड्यांच्या रांगेत तासन्‌तास थांबणं आईला झेपणारही नाही.

राहायचं रिझर्व्हच्या आत की शेजारच्या कॉन्झर्व्हन्सीत (खाजगी जमिनीवरच्या संरक्षित पट्ट्यात)? माझा कल नाबोइशो किंवा मारा नॉर्थ या कॉन्झर्व्हन्सींकडे आहे. जमीन मसाई कुटुंबांची, भाडं त्यांना मिळतं, एका प्राण्याभोवती गाड्यांची गर्दी होऊ देत नाहीत, आणि रात्रीची सफारीही करता येते. तिथे राहिलेल्यांनी सांगावं: त्यातला एक दिवस वेगळी फी भरून रिझर्व्हमध्ये घालवण्यासारखा आहे का?

आता मुख्य अडचण. आईच्या दोन्ही अंगठ्यांच्या सांध्यांना संधिवात आहे. घरी ट्रेकचा तंबू लावून बघितला, तर चेनचं बारीक टोक तिला चिमटीत धरताच येईना. पर्सच्या चेनला आम्ही नाडीचा मोठा फास बांधून दिलाय, त्यात बोट अडकवून ती ओढते. कॅम्पच्या तंबूंच्या चेन बऱ्याच जाड असतात, दाराला जाळीची एक आणि कापडाची एक असते, त्यात माकडं उघडतात म्हणून काही ठिकाणी बाहेरून क्लिपही लावतात. तिथे असा फास बांधू देतील का? बाबा झोपेत असताना दार तिला एकटीला उघडता आलं पाहिजे, नाहीतर ती रात्रभर जागी राहील.

दुसरं, अंघोळ. बकेट शॉवर म्हणजे कॅनव्हासच्या पिशवीत गरम पाणी भरून ती वर टांगतात, आणि तेवढ्या पाण्यात उभ्याने अंघोळ उरकायची. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ओल्या फरशीवर ती उभी राहणार नाही. सरळ बादली, पाणी घ्यायचा मग आणि एक स्टूल मागितलं तर मिळतं का? आणि जेवणाच्या तंबूपासून राहायचा तंबू किती लांब असतो? सर्वांत जवळचा तंबू आधी सांगून राखून ठेवता येतो का?

बाबांना इन्सुलिन लागतं. वीज सौर बॅटरीवर असते आणि तंबूत फ्रिज नसतो. स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवायला दिलं तर विश्वासाने सांभाळतात का, की थंड पाऊच नेलेला बरा?

पिवळ्या तापाच्या लशीबद्दल कुणाचा अनुभव असेल तर जरूर लिहा. केनियाहून भारतात परतताना या लशीचं प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं कार्ड, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात, आणि लस घेतल्यावर कार्ड दहा दिवसांनी लागू होतं. पण ही जिवंत विषाणूची लस आहे, साठीपुढे तिचा त्रास होण्याचा धोका वाढतो. आमचे डॉक्टर तपासण्या करून ठरवू म्हणालेत. तुमच्या घरी सत्तरीच्या आसपास कुणी घेतली असेल, तर त्यांच्या डॉक्टरांनी आधी काय काय तपासलं?

नैरोबीहून मारापर्यंत रस्त्याने नारोकमार्गे पाच-सहा तास लागतात. विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने तासाभरात पोचता येतं, पण सामान माणशी १५ किलो, तेही मऊ बॅगेत. मी विमानाच्या बाजूने आहे. त्या विमानाच्या अरुंद पायऱ्या गुडघे दुखणाऱ्यांना कशा वाटल्या?

जेवणाची काळजी नाही, केनियात चपाती घरोघरी होते आणि शाकाहारी आहोत हे आधी कळवता येतं.

तिकिटं या महिन्याअखेर काढायची आहेत. कॅम्पचं नाव इथे उघड लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.