पागनीसांचा अर्धपुतळा करतेय, पण होतायत तुकाराम महाराज!

इंद्रायणीकाठ
मंडळी, सल्ला हवाय. प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' सिनेमात तुकोबा झालेले नट विष्णुपंत पागनीस मातीत करतेय. खऱ्या माणसाच्या मापाचा, छातीपर्यंतचा पुतळा. माती शाडूचीच, गणपती करून करून हात तिच्यावर बसलाय. आत लोखंडी पाइप आणि त्याला तारेने लटकवलेले लाकडाचे तुकडे.

पगडी, गंध, मिशी, तुळशीमाळ सगळं जागच्या जागी आहे. येणारा-जाणारा हात जोडून "वा, तुकाराम महाराज!" म्हणतो. पण मला पागनीस हवेत हो! पगडीवर ओलं फडकं टाकून नुसता चेहरा पाहिला, तर खाली कोणीही गृहस्थ. बँकेतला कॅशियर म्हटलं तरी चालेल. शिवाय चेहरा शांत ठेवायला जावं तर डोळे झोपाळू होतात. सिनेमात अर्धे मिटलेले असतानाही ते जागे असतात. हे कसं साधायचं?

(आजीच्या देवघरातली तुकोबांची तसबीर पागनीसांचीच होती, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग? काढून ठेवू का आता?")

ओली_माती
पगडी घाईने चढवलीत. उतरवा. आधी टक्कल असलेलं डोकं पुरं करा. टाळू ते हनुवटी या अंतराच्या साधारण मध्यावर डोळे येतात. टाळू झाकली की तो मध्य हरवतो, डोळे वर सरकतात, कपाळ आखडतं आणि पगडी हवेत ठेवल्यासारखी दिसते. नव्वद टक्के फेटेवाल्या पुतळ्यांचं हेच दुखणं आहे. चौकाचौकांत बघा.

माणूस समोर नाही, तेव्हा मापं फोटोतल्या प्रमाणावरूनच घ्यायची. अगदी जवळून घेतलेला फोटो नको, त्यात नाक फुगतं आणि कान मागे पळतात. आणि समोरून जुळवत बसू नका. आधी बाजूची रेषा धरा: कपाळ, नाकाचं मूळ, ओठ, हनुवटी, गळा. ती जमली की समोरचं निम्मं काम झालं.

डोळ्यांचं म्हणाल, तर आधी गोळा बसवा, मग त्यावर पापणी पांघरा. वरच्या पापणीला जाडी हवी. मातीला काळा रंग नसतो, पापणीखालची सावलीच तो देते. बाहुली कोरताना वरच्या कडेला मातीचा बारीकसा कण राखून ठेवा, त्यावर उजेड पडला की नजर ठरते. अठराव्या शतकातला फ्रेंच शिल्पकार उदों असंच करायचा. आणि पेंगणाऱ्याची भुवई सैल असते, भजनात रंगलेल्याची नसते. सगळा दोष डोळ्यांवर टाकू नका.

जुना_पडदा
मला शिल्पातलं ओ की ठो कळत नाही, पण सिनेमा पाठ आहे. ताई, तुम्ही कॅलेंडरावरचं तुकोबांचं चित्र समोर ठेवून काम करताय असा माझा दाट संशय आहे! पागनीस आधी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे. तो मऊपणा त्यांच्या गालांत नि ओठांत आहे, आणि चित्रांमध्ये नेमका तोच पुसला जातो. आवाज बंद करून सिनेमा पाहा. गाताना मान किती कलते, खांदे कुठे उतरतात तेवढंच बघा. वह्या इंद्रायणीत बुडवल्यानंतरचा चेहरा वेगळा आणि कीर्तनातला वेगळा. तुम्हाला यातला कुठला करायचाय? दोन्हींची सरासरी काढलीत तर पुन्हा कॅलेंडरच होणार.

पुण्याजवळ असाल तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुनी छायाचित्रं बघायला मिळतात का, विचारून या.

शाडूवाला_पेण
ताई, मी फक्त मातीचं बोलतो. माती पाइपवर तशीच सुकू दिलीत तर तडकणारच. माती आकसते, लोखंड आकसत नाही. शाडूतच ठेवायचा हट्ट असेल तर ओलसर घट्ट असताना तारेने कापा, पाइप काढा, आतून पोखरा, पातळ कालवलेल्या मातीने जोडा. एवढा उपद्व्याप कशाला? प्लास्टरचा साचा घ्या. तोवर रोज पाणी शिंपडून ओलं फडकं, वरून प्लास्टिक.

पगडीच्या घड्यांत साचा अडकतो, म्हणून फोडायचाच साचा करा. पत्र्याच्या पट्ट्या खोचून दोन भाग पाडा. पहिल्या थरात चिमूटभर नीळ घाला, पुढचे थर पांढरे. आतली माती काढून, साबणाचं पाणी लावून प्लास्टर भरायचं. मग छिन्नीने साचा फोडताना निळं दिसलं की समजायचं, पुतळा जवळ आला, हात हलका करा.

इंद्रायणीकाठ
जुना पडदा, संशय खरा आहे. कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं. कीर्तनातला चेहराच करते, ओठ किंचित उघडे. पगडीही उतरवली. ओली माती म्हणाले तसंच निघालं, कपाळ बोटभर कमी होतं. आता एकच विचारते: गंध उठावात करू की कोरून?

ओली_माती
कोरलंत तर जखम दिसेल. नखाच्या जाडीइतका उठाव, कडा मऊ. आणि ते सगळ्यात शेवटी, पगडीच्याही नंतर. पागनीस ओळखू यायला लागल्याशिवाय गंधाला हात लावू नका.