दुपारी तीनला सुरमई मिळाली नाही, म्हणून कोकण आळशी?

देवबागची सून

परवा इथेच 'रानवाट' यांनी लिहिलं की ते मालवणजवळच्या तारकर्लीला आले, दुपारी तीनला एका घरगुती खानावळीत सुरमई थाळी मागितली, बाई म्हणाली, "मासे संपले, भात नि कुळथाची पिठी आहे, वाढू का?" आणि हे उठून गेले. पुढे लिहिलंय, 'समुद्राकाठी मासे संपतात कसे? कोकणी माणसाला धंदा नकोच आहे. शेजारचा गोवा बघा. संध्याकाळी सातनंतर इथे करायला काही नाही.' खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. दोन रात्री गप्प बसले, आता लिहिते.

ती बाई मी नव्हे, पण असू शकले असते. आमच्या चार खोल्या आहेत. राबणारी माणसं तीन: मी, सासूबाई आणि शेजारची एक वहिनी. साडेपाचला बंब पेटतो. बारा माणसांना घावणे म्हणजे बिडाच्या तव्यावर एकेक करून चाळीसेक घावणे, आणि पाहुणे पाच वेळा येऊन विचारतात, अजून किती वेळ. त्यातच कुणीतरी किनाऱ्यावर जाऊन मासे आणायचे, ते कापायचे, धुवायचे, खोबऱ्याचं वाटप वाटायचं. अडीचला शेवटचं ताट उठतं. तीनला मी पहिला घास घेते.

मासे संपतात, कारण सकाळी आणतो तेवढेच आणतो. फ्रीजरमधला चार दिवसांचा तुकडा पाहुण्याच्या ताटात वाढायचा नाही, हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मला ते पटलंय.

गोव्याशी तुलना करणाऱ्यांनी आमच्या विहिरीत एकदा डोकवावं. देवबाग म्हणजे एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पंप जास्त वेळ चालला की खालचं वर येतं. जिल्ह्यात ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात माझ्याच घरचा चहा मला मचूळ लागतो. परवा एका पाहुण्यांच्या दोन मुली अर्धा तास शॉवरखाली होत्या. मी बाहेर उभी राहून पंपाचा आवाज ऐकत होते. बोलले नाही, कारण त्या पैसे देऊन आल्या होत्या. ते न बोलणं अजून सलतंय.

रानवाट

ताई, तुमच्या कष्टांबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. पण मी पुण्याहून नऊ तास गाडी चालवून आलो होतो, सोबत सत्तरीची आई होती. 'संपले' हा शब्द ज्या सुरात आला, तो लागला. 'बसा, पाणी घ्या' एवढं कुणी म्हटलं असतं तर मी पिठी-भातही खाल्ला असता. धंद्यात उतरलात की ग्राहकाची वेळ बघावी लागते. घरगुती म्हणायचं आणि दर हॉटेलचे लावायचे, हे मला आजही पटत नाही.

चाकरमानी

रानवाट यांच्या बाजूने बोलतोय, आणि मी गाववालाच आहे. १९९७ ला सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हा मी दहावीत होतो. बाबा म्हणाले, आता तुला मुंबई गाठायची गरज नाही. पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि तिच्यातच बसून मी मुंबईला आलो. आजतागायत लालबागच्या खोलीत आहे.

गणपतीला गावी जातो तेव्हा बघतो: वरच्या आळीतल्या निम्म्या घरांना कुलूप, आणि रस्त्याकडेच्या जमिनी बाहेरच्यांच्या नावावर. आमच्या भावकीने आजोबांचं आगर विकलं, माडांसकट. सहीला मला बोलावलं तेव्हा सौदा आधीच ठरलेला होता. तिथे आज तीन मजली रिसॉर्ट उभं आहे. म्हणून मला वाटतं, आपणच हा धंदा नीट केला असता तर ते आगर आपल्याकडे राहिलं असतं. आळस नाही म्हणत मी. पण 'पाहुणा आला तर आला' ही वृत्ती आहे आपल्यात.

रापणकार

सगळे वृत्तीवर बोलताहेत, माशावर कोण बोलत नाय. अरे बाबांनू, इसवण, तुमची सुरमई, काय आमच्या परसात पिकता? जो येतो तो 'सुरमई थाळी'. फलकावर सुरमई, फोनवर सुरमई. पेडवे, मुडदुसे, लेपो, कर्ली, शेतकां यांची नावं तरी ठाऊक आहेत का? ताज्या पेडव्यांचं तिरफळ घालून केलेलं तिखलं समोर ठेवलं तर म्हणतात, काटे आहेत.

आमची रापण आजोबांपासूनची. होडी अर्धगोल फिरून जाळं सोडते, मग किनाऱ्यावरून दोन्ही दोर चाळीस-पन्नास माणसं ओढतात. बाया, पोरं, म्हातारे, सगळे. जाळं वर आलं की देवाचा वाटा, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, मग ओढणाऱ्याचा. वाटेवरचा माणूस दोराला हात लावून गेला तरी त्याच्या पिशवीत मूठभर पडतंच. माझ्या लहानपणी जाळं इतकं जड यायचं की शेजारच्या वाडीला हाक मारावी लागे. गेल्या मोसमात सलग अकरा दिवस ओढलं आणि घरी कालवणापुरतं आणलं. हे पर्ससीनवाल्यांनी केलं, मोठ्या बोटीतून थव्याभोवती जाळं टाकून ते खालून आवळतात त्यांनी. फेब्रुवारी २०१६ ला सरकारने बंधनं घातली, राज्याच्या हद्दीत सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने दिले. पाळतो कोण? जानेवारीत रात्री दर्यात बघा, गाव वसलेलं दिसतं, एवढे दिवे.

मिरकरवाडा

बिनबुडाचे आरोप करू नका. माझी पर्ससीन बोट आहे आणि मी परवाना घेऊन चालवतो. बोटीवर पंचवीस माणसं आहेत, त्यांची घरं त्यावर चालतात. डिझेल, बर्फ, बँकेचा हप्ता, हे रापणीला नसतं. एलईडी दिव्यांच्या उजेडात मासे धरण्यावर केंद्राने २०१७ लाच बंदी घातली. जो एलईडी लावतो त्याला धरा, मी स्वतः साक्ष देईन. परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर येतात ते तुम्हाला दिसत नाहीत, रत्नागिरीचा माणूस तेवढा दिसतो.

आणि मुद्द्याचं. सुरमई पर्ससीनची मासळी नव्हे. ती मुख्यतः गिलनेटच्या उभ्या जाळ्याला नि गळाला लागते. आमच्या जाळ्यात बांगडा, तारली. निदान शिव्या तरी माहिती घेऊन द्या.

रापणकार

सुरमईचं तुम्ही म्हणता ते खरं, गळाचीच मासळी ती. पण ती खाते काय ते सांगा. तारली, पेडवे, बांगडा. तो थवाच्या थवा तुम्ही तळापासून आवळून नेलात तर सुरमई किनाऱ्याकडे कशाला येईल? आणि हप्त्याचं मला सांगू नका. माझा धाकटा भाऊ रापण सोडून पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होडी फिरवतो. बापाने दोरावर वाढवलेला पोरगा तो. त्याच्या होडीत मी अजून पाय ठेवलेला नाय.

मिरकरवाडा

तुमचा भाऊ चार पैसे कमावतोय, त्याला दोष का देता? माझे वडीलही रापणच ओढायचे. फयानच्या वादळात, २००९ ला, आमची होडी गेली आणि नुकसानभरपाईच्या कागदांवर दोन वर्षं गेली. मोठ्या बोटीकडे मी हौसेने वळलो नाही. तुमच्यासारखा मीही कोळ्याचाच पोर आहे, मला दरोडेखोर म्हणू नका. जूनजुलैची ६१ दिवसांची बंदी मी दरवर्षी पाळतो, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय बोट सोडत नाही.

दापोलीकर

मासळीवरून भांडताय, इकडे पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूवर, काय चाललंय ते कुणी बघतंय का? शनिवार-रविवार पाण्याच्या रेषेवरून गाड्या पळवतात. गेल्या मार्चमध्ये भरती चढताना एक गाडी रुतली. आम्ही गावातल्या सात जणांनी खांदा लावला, मग ट्रॅक्टर आणला. गाडी निघाली. आत बसलेल्यांनी काच खाली करून आभारही मानले नाहीत.

गाडी निघाल्यावर वाळूत दोन खोल चाकोऱ्या राहिल्या. याच वाळूतून दर्याकडे निघालेलं कासवाचं पिल्लू तळहाताच्या अर्धंही नसतं. चाकोरीत पडलं तर त्याला भिंत चढायची असते, आणि वर कावळे टपलेले. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, गावाने साथ दिली. तिथे लोक घरातल्या गाद्यांवर झोपतात, साधं शाकाहारी जेवतात आणि सकाळ-संध्याकाळ पिल्लं सोडताना दोरीमागे गप्प उभे राहतात. सुरमई कुणी मागत नाही. पर्यटक तोच असतो, पुण्यामुंबईचाच. गावाने आधी सांगून ठेवलं की तो तसाच वागतो.

सड्यावरचा

सगळे किनाऱ्यालाच चिकटलेत. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर, कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. काशेळीचा हत्ती बघा, त्याच्या अंगात इतर किती जनावरं कोरलीत ती मोजताना संध्याकाळ होते. आमच्या शेजारच्या सड्यावर चिरेखाण सुरू झाली आहे. जांभा कापणारं यंत्र आमच्या शिल्पापासून हाकेच्या अंतरावर आलंय. आधी ते वाचवा, मग थाळीचं बघू.

पेटाऱ्याचा पुतण्या

'सातनंतर करायला काही नाही' यावर. माझे काका दशावतारात तीस वर्षं स्त्रीपार्ट करतात. कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की रात्री पेटारा उघडतो, आतल्या गणपतीची पूजा होते, मग पहाटेपर्यंत नाटक. संहिता नसते, संवाद उभ्या उभ्या सुचतात. देवळासमोर चटई टाकून कुणीही बसावं, तिकीट नाही. गेल्या वर्षी एका रिसॉर्टने बोलावलं आणि सांगितलं, वीस मिनिटांत आटपा, संकासूर तेवढा नाचवा, बुफे सुरू होतोय. काका रंग लावून तयार होते. त्यांनी तिथल्या नळावर तोंड धुतलं आणि घरी आले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

रानवाट

जत्रेचं मला खरोखर माहीत नव्हतं. पण ते कुठे लिहिलेलं असतं? तारखा कुणी सांगत नाही, आणि बाहेरच्याने विचारलं तर 'बघू, देवाचा कौल झाला की' असं उत्तर मिळतं. माहिती लपून राहते आणि मग दोष आम्हाला.

'आळशी' हा शब्द चुकला. तो मागे घेतो. बाकी माझं म्हणणं कायम आहे: जेवायच्या वेळा दारावर लिहा, नसलेला मासा फलकावर लिहू नका, आणि 'नाही' म्हणताना जरा गोड बोला.

चाकरमानी

फलकाचं त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडे सगळ्यांनी एकमेकांचा बघून सुरमईचा फलक लावलाय.

देवबागची सून

फलकाचं मला लागलं, कारण आमच्याही दारात तोच आहे. रंगाऱ्याने विचारलं काय लिहू, नवरा म्हणाला, सगळे लिहितात ते लिही. आज सकाळी सासूबाईंनी त्यावर गोणपाट टाकलं.

आई उपाशी राहिल्या हे तुम्ही आधी लिहायला हवं होतं. तशा माणसाला दारातून परत पाठवणं चूकच. त्या बाईच्या जागी मी असते आणि कंबर मोडलेली असती, तरी निदान बसा म्हटलं असतं. म्हटलं असतं असं वाटतं.

रानवाट

डिसेंबरात परत यायचं म्हणतोय, आईला जत्रा बघायची आहे. जेवायला काय असेल ते आदल्या दिवशी कळवता येईल का? आईला काटे चालत नाहीत.

देवबागची सून

मासा नाही कळवता येणार. रापण वर आल्याशिवाय मलाच ठाऊक नसतो. किती माणसं आणि किती वाजता, एवढं आदल्या रात्री सांगा. आईंसाठी तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आमटी करते, खाडीत ओहोटीला मिळतात, त्यांना काटा नसतो.