लिव्हर कॅन्सर पोर्टल व्हेनमध्ये शिरलाय, ऑपरेशन की औषधं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या काकांना (वय ६२, सांगली) लिव्हरचा कॅन्सर निघालाय. हिपॅटायटिस बी जुनाच. सीटीत उजवीकडे ८ सेंमीची गाठ, आणि ती पोर्टल व्हेनच्या (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी मोठी शीर) उजव्या फांदीत घुसलीय. मुख्य शीर मोकळी आहे. काविळ नाही, पोटात पाणी नाही, चाइल्ड-प्यू ए, म्हणजे लिव्हरचं काम अजून चांगलं चाललंय.

सर्जन म्हणतात, उजवा भाग काढू, शिरेतलंही त्याच वेळी निघेल. ऑन्कोलॉजिस्ट म्हणतात, शीर धरली म्हणजे बीसीएलसी सी स्टेज (लिव्हर कॅन्सरची पुढे गेलेली अवस्था), ऑपरेशन नको, अटेझोलिझुमॅब-बेव्हासिझुमॅब (इम्युनोथेरपी आणि गाठीचा रक्तपुरवठा रोखणारं औषध) सुरू करा. दोघंही ठाम. काका मात्र एएफपीचे (या कॅन्सरसाठी करतात त्या रक्ततपासणीचे) आकडे दुधाच्या हिशेबासारखे वहीत उतरवतात आणि 'काय ते तुम्ही ठरवा' म्हणतात.

वाचलं त्यावरून युरोप-अमेरिकेचा कल औषधांकडे, जपान-चीनमध्ये निवडक पेशंटांचं ऑपरेशन करतात. २०१६च्या जपानी अभ्यासात ऑपरेशनवाले जास्त जगले. मुख्य शिरेपर्यंत गेलेल्यांत मात्र तो फायदा दिसला नाही. पण मुळात धडधाकट पेशंटच ऑपरेशनला घेतले असतील, तर या तुलनेवर किती विसंबायचं? कोणाच्या घरी असा प्रसंग आला असेल तर काय ठरवलंत, कृपया सांगा.

प्रतिसाद:

तुमची शंका रास्त आहे. तरी फक्त फांदीपर्यंतच गेलंय म्हणून सर्जनचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नाही. त्यांना आधी विचारा, डावं लिव्हर किती उरणार? सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन खराब होणं) असेल तर साधारण ४० टक्के तरी लागतं. सीटीवरून मोजून देतात. दुसरं, आधी रेडिएशन देऊन मग ऑपरेशन करणार का? चीनमधल्या २०१९च्या ट्रायलमध्ये थेट ऑपरेशनपेक्षा त्याने निकाल बरे आले होते. ऑपरेशननंतरही हा आजार बऱ्याच जणांत उलटतो, हे काकांना आधीच स्पष्ट सांगा.

औषधं ठरली तर पहिल्या डोसआधी एंडोस्कोपी हवीच. अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असतील तर बेव्हासिझुमॅबने रक्तस्राव होऊ शकतो. गाठ आकसली तर पुढे ऑपरेशनचा विचार होतो, फक्त शेवटच्या डोसनंतर काही आठवडे थांबतात, नाहीतर जखम भरायला त्रास होतो. हिपॅटायटिसची गोळी कुठल्याही मार्गात बंद करू नका.

आणि दोन डॉक्टरांमध्ये निरोप्या बनू नका. टाटासारख्या ठिकाणी ट्यूमर बोर्डात सर्जन, ऑन्कोलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात. तिथे नुसता रिपोर्ट नको, सीटीची सीडी न्या.