मदत हवी आहे: भाची अमेरिकन नागरिक, ताब्याचा खटला इथे, आणि व्हिसाचे २३ दिवस उरलेत

नमस्कार मंडळी,

प्रश्न धाकट्या बहिणीचा आहे, तिला विचारूनच लिहितोय.

बहीण लग्नानंतर न्यू जर्सीत. दाजी एच-वन-बीवर (नोकरीचा व्हिसा), ती एच-फोरवर (त्यांची बायको म्हणून मिळालेला व्हिसा). लेक तिथेच जन्मली, म्हणून अमेरिकन नागरिक. आता साडेचार वर्षांची. दिवाळीला दोघी नाशिकला आल्या, त्या परत गेल्याच नाहीत. का, ते इथे उगाळत नाही (घरात भरपूर उगाळून झालंय).

दाजींनी तिथल्या कोर्टातून एकतर्फी आदेश मिळवला: ताबा त्यांच्याकडे, मुलीला परत आणा. आम्ही इथे कौटुंबिक न्यायालयात १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली अर्ज केलाय. त्यांचे वकील म्हणतात, मुलगी सुट्टीला आली होती, ती इथली रहिवासीच नाही, मग कलम ९ प्रमाणे (मूल नेहमी राहतं तिथल्याच कोर्टात अर्ज) इथे खटला चालेलच कसा? आता उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस (मुलीला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका) टाकणार असा निरोप आहे.

कोर्टाचं एक वेळ समजतं. एका पालकाने दुसऱ्या देशात नेलेली मुलं परत पाठवण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे दिल्लीला नुसतं पत्र पाठवून कोणी पोरीला विमानात बसवू शकत नाही. एका वकिलांनी सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा निकाल दाखवला: परदेशी आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा, मुलाचं हित सगळ्यांच्या वर. आमचे पेढे वाटायचेच बाकी होते. मग दुसऱ्यांनी २०२० चा दाखवला, त्यात लहान मुलीला अमेरिकेत परत न्यायला सांगितलंय.

खरं अडलंय व्हिसापाशी. भाचीकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना इथे कायम राहू देणारं कार्ड) नाही. टुरिस्ट व्हिसावर एका खेपेला १८० दिवस, त्यातले २३ उरले. ओसीआयच्या अर्जावर आईवडील दोघांच्या सह्या लागतात. तिचा पासपोर्ट पाच वर्षांचा, तोही संपत आलाय, आणि नव्यालाही दोघांची संमती हवी. दाजी सही देणार नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही दिली नसती. कचेरीत गेलो तर म्हणतात कोर्टाचा आदेश आणा. वकील म्हणतात व्हिसा हा कोर्टाचा विषय नव्हे. आजीच्या घरात चार वर्षांची पोर बेकायदा ठरायची वेळ आलीय.

खटला चालू असताना मुलाच्या मुक्कामाची मुदत ई-एफआरआरओवर (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कचेरीचं ऑनलाइन पोर्टल) कुणी वाढवून घेतलीय का? सोबत काय जोडलं? केस नंबर पुरला की न्यायाधीशांचा स्वतंत्र आदेश लागला?

दुसरं, बहिणीचा एच-फोर नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला. घटस्फोट झाला की तोही गेला. उद्या 'आईनेही मुलीसोबत जावं' असा आदेश आला तर ती कोणत्या व्हिसावर जाणार? अशा वेळी तिथल्या कोर्टाकडून 'मिरर ऑर्डर' (इथल्या आदेशातल्या अटींचाच तिथला आदेश) आणायला सांगतात म्हणे. त्यात राहण्याची जागा, खर्च, अटक न करण्याची हमी हे प्रत्यक्षात पाळलं जातं का?

दाजींचा रोज संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल असतो. तो आम्ही एकदाही चुकवलेला नाही, त्यामुळे 'फोन बंद करा' छाप सल्ले नकोत. वकिलांचं नाव सुचवायचं असेल तर व्यनि करा.