मदत हवी आहे: धुराडं बसवलं तरी चुलीचा धूर घरातच उलटतो

आमचं घर कुडाळजवळ आहे. आई (वय ७२) तिथेच असते, मी डोंबिवलीला. मागच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराचं काम काढलं तेव्हा जुनी चूल मोडून दोन भांड्यांची, धुराड्याची चूल बांधून घेतली. गॅस आहेच, पण सकाळची पेज आणि आंघोळीचं पाणी आई चुलीवरच करते, आणि चतुर्थीला पंचवीस-तीस माणसांचा स्वयंपाक गॅसवर होत नाही.

आईला दोन वर्षं सकाळचा खोकला आहे. डॉक्टरांनी धूर टाळायला सांगितलं म्हणून हा सगळा खटाटोप केला आणि झालं उलटंच. जुन्या चुलीचा धूर निदान कौलांतून निघून जायचा. आता तो छताखाली कोंडतो. परवा मी गेलो होतो तेव्हा आई पदराने नाक दाबून चुलीपुढे बसली होती आणि डोळे लाल झाले होते. मला ते बघवलं नाही, म्हणून इथे विचारतोय.

रचना अशी आहे. चुलीच्या मागून ४ इंची सिमेंटचा पाईप निघतो, ३ फूट आडवा जाऊन भिंतीबाहेर पडतो, तिथे एल्बो, मग बाहेरच्या भिंतीला धरून १० फूट सरळ वर. वळचणीच्या वर जेमतेम फूटभर निघालाय. तिथून आढं ९ फुटांवर आहे आणि ६ फूट उंच. स्वयंपाकघर घराच्या पूर्वेला, म्हणजे पावसाळी वारा आढ्यावरून या बाजूला उतरतो. पूर्वी वर नुसती मंगळुरी कौलं होती, आता खाली सिमेंट बोर्डाचं छत आहे. लाकडी खिडक्या जाऊन अॅल्युमिनियमच्या सरकत्या आल्या आणि भिंतीत एक्झॉस्ट फॅन बसवला.

पेटवल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं धूर पुढच्या तोंडातूनच येतो. मग थोडी ओढ धरते, पण वाऱ्याचा झोत आला की भपकन परत फिरतो. पाईप साफ केलाय: दोरीला सुंभाचा बोळा आणि खाली दगड बांधून वरून सोडला, घमेलंभर काजळी निघाली. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. लाकूड आकेशिया आणि काजूचं, मे अखेरीस फोडून पडवीत रचलेलं. जळताना दुसऱ्या टोकाला फेस येतो.

गवंडी म्हणतो पाईप वाढवा. दुकानदार म्हणतो धुराड्यातच पंखा लावा. खर्च एकदाच करायचाय, तेव्हा आधी काय करू? चतुर्थीला महिना उरलाय.

प्रतिसाद १

पाईपला हात लावायच्या आधी एक करा. उद्या सकाळी चूल थंड असताना तिच्या तोंडाशी अगरबत्ती धरा. एकदा सगळं बंद करून आणि पंखा चालू ठेवून, मग पंखा बंद करून, मग मागचं दार उघडून. धूर आत वळतो की अंगावर येतो ते सांगा.

कारण असं: धुराड्याची ओढ फार नाजूक असते. आतली हवा तापून हलकी होते आणि बाहेरची जड हवा तिला खालून ढकलते, एवढंच ते बळ. तुमचं धुराडं १० फुटी, म्हणजे ३ मीटर. बाहेर २७ अंश आणि पाईपमध्ये सरासरी १५० अंश धरलं तर दाबातला फरक निघतो साधारण १० पास्कल. पाण्याच्या १ मिलिमीटर थराचा जेवढा दाब तेवढा! पाईप पावसात भिजून आतलं तापमान ८० अंशांवर आलं की तो निम्मा होतो. तेवढी ओढ एक्झॉस्ट फॅन बंद घरात सहज मोडून काढतो. पंख्याला हवा कुठून तरी हवीच असते. खिडक्या बंद, कौलं झाकलेली, मग तो ती धुराड्यातूनच खेचतो.

धुराड्यातला पंखा तूर्त नको. वीज गेली की तोच पाईपमधला अडथळा होईल, आणि पावसाळ्यात तुमच्याकडे वीज किती वेळा जाते हे तुम्हाला ठाऊक आहे.

आणि हे मनावर घ्या: धूर दिसेनासा झाला तरी निखारे धुमसत असताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू येत राहतो. त्याला वास नसतो. चूल नीट होईपर्यंत आईला त्या खोलीत दार लावून झोपू देऊ नका. सकाळी डोकं दुखतं का तेही विचारा.

धागाकर्ता

आईनेच करून पाहिलं, मी व्हिडिओ कॉलवर होतो. पंखा चालू असताना अगरबत्तीचा धूर सरळ आईच्या तोंडावर. पंखा बंद केल्यावर तो जागच्या जागी घुटमळला. मागचं दार उघडलं आणि दोन-तीन सेकंदांत धुराची रेघ वाकून चुलीत शिरली. आई म्हणाली, "अरे, धूर आत जाऊक लागलो रे!" तिच्या आवाजातला आनंद ऐकून बरं वाटलं. डोकं दुखत नाही म्हणते, पण झोपायची खोली वेगळी केली आहे.

प्रतिसाद २

माझं माहेर भोरकडचं. पुण्याच्या 'आरती' संस्थेच्या लक्ष्मी चुलीसारख्या दोन भांड्यांच्या चुली मी बांधल्या आहेत आणि बायकांना शिकवल्याही आहेत. मला चूल बघायचीय. भांडं ठेवलेलं असतानाचा फोटो टाका.

धागाकर्ता

फोटो टाकलाय. पुढचं तोंड ९ इंच रुंद आणि ८ इंच उंच आहे. गवंड्याने मोठी लाकडं जावीत म्हणून वाढवलं होतं.

प्रतिसाद २

तुमचं अर्धं उत्तर फोटोतच आहे. पातेल्याखाली मातीचे तीन गोळे दिसतायत, ते आईने लावले ना? साध्या चुलीला ते लागतातच, त्यांच्या फटींतून जाळ वर येतो. धुराड्याच्या चुलीला मात्र ते मारक. इथे भांडं भोकावर घट्ट बसायला हवं. फट राहिली की धुराडं तिथूनच गार हवा ओढतं, पाईप थंड पडतो आणि तोंडापाशी ओढ उरत नाही. गोळे काढा. भांडं भोकापेक्षा लहान असेल तर लोखंडी कडं ठेवा. मागच्या वैलावर काही नसेल तेव्हा तो झाकून ठेवा, उघडा अजिबात नको.

आईंना यात दोष नाही. चाळीस-पन्नास वर्षांचा हात आहे तो. मी घरोघरी हेच पाहिलंय: चूल बांधून देणारा भोकं कशी वापरायची ते सांगत नाही, धूर येतो, आणि महिन्याभरात चूल अडगळ होते.

दुसरं, तोंड. ९ गुणिले ८ म्हणजे ७२ चौरस इंच, आणि ४ इंची पाईपचं भोक साडेबारा चौरस इंच. एवढ्या मोठ्या दाराची हवा एवढ्याशा नळीने कशी ओढावी? माती-शेणाने बाजू भरून तोंड ६ बाय ५ वर आणा. लाकडं बारीक फोडायची, मनगटापेक्षा जाड नकोत.

तिसरं, फेस. तो लाकडातल्या पाण्याचा आहे. मेच्या शेवटी फोडलेलं लाकूड पहिल्या पावसाआधी वाळत नाही. जाळाची बरीच ताकद ते पाणी उकळण्यात जाते आणि वर काजळी जास्त धरते. आजच्यापुरतं करवंट्या आणि नारळाच्या सोडणांनी पेटवा, उद्याची लाकडं आज चुलीच्या बाजूला उभी ठेवा. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर लगेच फोडून घ्या.

दोन भोकांमधला बोगदाही बघा. राख तिथे साचते आणि वरून दिसत नाही. दर आठवड्याला पळीने काढायची.

प्रतिसाद ३

मी अमेरिकेत व्हरमाँटला असतो. लोखंडी स्टोव्ह, पण दुखणं तेच. आम्ही खिडक्या नव्या बसवल्या आणि त्या हिवाळ्यापासून धूर खोलीत यायला लागला. स्वयंपाकघरातला हूड (धूर-वाफ बाहेर ओढणारा पंखा) बंद करून स्टोव्हजवळची खिडकी एक इंच उघडल्यावर थांबला.

थंड पाईपसाठी: पाईपच्या तळाशी साफसफाईचं झाकण असेल तर पेटवण्याआधी तिथे वर्तमानपत्राचं एक पान जाळा. आतला गार हवेचा खांब वर सरकतो आणि ओढ लागते.

उंचीबद्दल गवंडी बरोबर आहे. इथला नियम: धुराडं छपरातून निघतं तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही असेल त्याहून २ फूट उंच. तुमचं आढं ९ फुटांवर, म्हणजे पाईप आणखी ८ फूट चढायला हवा. घरातूनच सरळ वर नेलात तर तो गरम राहील आणि आडवा तुकडाही जाईल. मात्र छप्पर ओलांडताना साधा एकेरी नळ नको, मध्ये उष्णतारोधक भरलेला दुहेरी नळ लावा. एकेरी पत्र्याचा नळ इथे लाकडापासून १८ इंच दूर ठेवावा लागतो. आणि तुमचा आत्ताचा सिमेंटचा पाईप अॅस्बेस्टॉसचा असू शकतो, तो कापू-घासू नका, धूळ फुप्फुसात जाते.

धागाकर्ता

शनिवारी जाऊन आलो. मातीचे गोळे काढले, लोहाराकडून दोन कडी करून घेतली, आईने स्वतः माती-शेणाने तोंड लहान केलं. चुलीमागच्या भिंतीत जमिनीलगत ६ इंची जाळीचं भोक पाडलं, आणि चूल चालू असताना पंखा लावायचा नाही असं ठरलं. बोगद्यातून दोन पळ्या राख निघाली.

रविवारी सकाळी वारा पडलेला होता. कागद जाळून चूल पेटवली आणि दोन-तीन मिनिटांत धूर मागे वळला. पेज होईपर्यंत आई चुलीपुढे पदर न लावता बसली होती. दुपारी सर आली, वारा सुटला आणि दोनदा धूर उलटला. म्हणजे पाईप आढ्याच्या वर न्यायचं काम करावंच लागणार.

गवंडी पुढच्या आठवड्यात येतोय. दुहेरी नळ घरातून सरळ वर न्यायचं ठरतंय. आता एकच विचारायचंय: कौलांतून नळ बाहेर काढल्यावर त्याच्याभोवती पावसाळ्यात गळू नये म्हणून कोकणात कोणी काय केलंय? सिमेंट लावलं तर नळ तापून-निवून त्याला चिरा जातात असं गवंडी म्हणतो. पत्र्याची कॉलर करून वरच्या कौलाखाली सरकवली तर ती तीन-चार पावसाळे टिकते का?